इंजिनाचा मोकळा श्वास

१९ नोव्हेंबर १९६७, रविवार
वहीची माफी मागतो. दिवाळीच्या आधीपासून एक ओळ लिहिली नाही. कारण जबाबदारी. जावई हनुमंतराव भावाच्या आजारपणासाठी मुंबईला गेले आणि भाताची गिरणी माझ्यावर सोपवली. लेकीच्या घरी राहणारा बाप म्हणून लोक मागे बोलतात. आता बोलून दाखवावे.
जाताना त्यांनी चार गोष्टी बजावल्या. इंजिनाचे पाणी बघा, ऑइल बघा, पट्ट्याजवळ कुणाला उभे करू नका, आणि दर शनिवारी हवेची चाळणी रॉकेलने धुवा. गिरणीत तुसाची धूळ फार, म्हणून.
तीन गोष्टी पाळतो. चौथी राहिली. रॉकेलने माझे हात फुटतात.
इंजिन जरा जड चालते. काळा धूर. डिझेलच भेसळीचे असणार.

२२ नोव्हेंबर, बुधवार
लोणावळ्याला गेलो. चाळणी पिशवीत घेतली होती, कुणी धुऊन देते का बघायला. बाजाराच्या कडेला एक माणूस ताडपत्रीवर मोटारीचे सामान मांडून बसला होता. त्याच्याकडे चाळणीच्या जागी बसवायचा, इंजिनाला हवा घ्यायचा पितळी भोंगा, तोंड ताटाएवढे, पुढे नुसती तारेची जाळी. म्हणाला, "बाबा, नाकाला फडकं बांधून तुम्ही खंडाळ्याचा घाट चढाल का?" नाही म्हणालो. "मग इंजिनाला का बांधता?"
पटले. जास्त हवा, जास्त पॉवर, कमी डिझेल. मी चौथी पास असून इतकी वर्षे हे सुचले नाही.
जुनी चाळणी त्याने बदल्यात घेतली. धुण्याचा प्रश्नच मिटला.

२३ नोव्हेंबर, दुपार
भोंगा बसवला. पहिल्याच हँडलला इंजिन सुरू! धूर नाही. धोंडिबाची विडी संपायच्या आत त्याचे पोते भरडून झाले. तो ओरडून म्हणाला, "आबा, आज इंजान लय पेटलंय की!" ओरडून, कारण भोंग्याचा आवाज मोठा आहे. पॉवरला आवाज असतोच.
रतनने, म्हणजे माझ्या लेकीने, चाळणी कुठे म्हणून विचारले. दुरुस्तीला दिली म्हणालो. हे खोटे नव्हे. सुधारणा ही दुरुस्तीच.

२ डिसेंबर, शनिवार
डिझेलच्या टाकीत रोज काठी बुडवून बघतो. या आठवड्यात खर्च एक तृतीयांश कमी! हनुमंतराव खूश होतील.
रतन म्हणते, पोतीही तेवढीच कमी आली. आवाजाने नवसूचे बैल बुजले, जू मोडून गाडीसकट ओढ्यात उतरले. तेव्हापासून लोक वडगावच्या गिरणीला जातात. ती म्हणाली, "आबा, चूल पेटवली न्हाई तर लाकूडबी वाचतं." आईवर गेली आहे.

१० डिसेंबर, रविवार
शेजारची सावित्राबाई म्हणाली, "तुमचं इंजान कोंडा खातंय वो आबा." भोंग्याच्या तोंडापाशी धूळ फिरत आत जाते हे मी पाहिले होते, पण सांगितले की कोंडा पौष्टिक असतो. ती हसली नाही.
तरी खबरदारी म्हणून रतनच्या जुन्या लुगड्याचा तुकडा भोंग्याला बांधला. फडके जाळीला चिकटले, इंजिन गुदमरून काळे ओकू लागले. सोडले. म्हणजे नाकाला फडके नको, हे सिद्धच झाले.

१९ डिसेंबर, मंगळवार
अकरा वेळा हँडल. मग धोंडिबा, नवसू आणि मी आळीपाळीने. निळा धूर, ऑइल पाण्यासारखे जाते. थंडीचा परिणाम असावा.
मुक्ताबाईच्या मुलीचे लग्न अठ्ठावीसला. दहा पोती आंबेमोहोर पडवीत येऊन पडला आहे. शब्द दिला, शनिवारपर्यंत तांदूळ घरपोच.

२३ डिसेंबर, शनिवार
तिसरे पोते होताच इंजिन बसले. उठले नाही.
लोणावळ्याहून बजरंग मिस्त्री आला. खोलले. माझे बोट धरून आत फिरवले. सिलिंडरच्या भिंतीला ओरखडेच ओरखडे. म्हणाला, "तुसाची धूळ म्हंजी पालिश कागद, आबा. लायनर गेला, रिंगा गेल्या."
मी पहिल्या दिवसाची पॉवर सांगितली. डिझेलची बचत सांगितली. तो म्हणाला, "जुनी चाळणी तुंबली व्हती. नुसती धुतली असती तरी एवढंच पळालं असतं."
रतन दारातच उभी होती.

२५ डिसेंबर, सोमवार
अंगणात उखळे मांडली आहेत. सात पोती भात बायका हाताने कांडत आहेत. रतनच्या तळहाताला फोड आले, चिंधी बांधून पुन्हा मुसळ घेतले. वीस वर्षांमागे सोडलेले काम.
मुक्ताबाईच्या पाया पडावे म्हणून गेलो. ती मला शिव्या देईल असे धरून गेलो होतो. ती म्हणाली, "आबा, च्या घेतला का?" आणि पदराने घाम पुसून कांडायला लागली.
शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

२६ डिसेंबर, मंगळवार
हनुमंतरावांना तीन कार्डे लिहिली. पहिल्यात डिझेल भेसळीचे निघाले. दुसऱ्यात ताडपत्रीवाला लबाड निघाला. तिसऱ्यात थंडी. तिन्ही फाडली. चौथे टपालात टाकले. त्याची नक्कल:
"हनुमंतराव यांस आशीर्वाद. चाळणी मी एकदाही धुतली नाही. ती देऊन भोंगा मी आणला. इंजिन बसले ते माझ्यामुळे. रतनला यातले काही माहीत नव्हते, तिला बोलू नये. तुम्हाला मला जे बोलायचे ते सगळे कार्डावर बोला, जागा कमी पडली तर पाकीट घाला, पण इथे येऊन तिच्यादेखत बोलू नका. उत्तर लवकर धाडा. पोस्टमन आला की मी पुढे होऊन घेईन."