चोंगबांगच्या धबधब्याजवळ आई

प्रिय आप्पा,

काल आईला घेऊन जेजू बेटावर, चोंगबांगच्या धबधब्याला जाऊन आले. लग्नानंतर तुम्ही दोघं इथेच आला होता. तेव्हा नव्या जोडप्यांचे फोटो टॅक्सीवालेच काढायचे. तुमचा टॅक्सीवाला वैतागून ओरडला होता, "अहो, बायको आहे तुमची, शेजारीण नाही! जरा जवळ सरका!" आई हे अजून हसत सांगते.

या वेळी आमच्याबरोबर प्यो काका होते, आईच्या गाण्याच्या वर्गातले. तुम्ही गेल्याला सहा वर्षं झाली, आणि आई आता पुन्हा कुणासाठी तरी डबा भरते. काकांनी तिला लग्नाचं विचारलं आहे. ती माझ्या होकारासाठी थांबली आहे आणि मी तीन महिने विषय टाळते आहे.

धबधब्यासमोर मी दोघांचा फोटो काढत होते. तुषारांनी आई भिजत होती आणि काकांची छत्री धबधब्याकडेच कललेली होती.

"काका, छत्री आईवर धरा. धबधबा आधीच भिजलाय!"

दोघंही शाळकरी मुलांसारखी लाजली.

मग आई माझ्याकडे आली. पाण्याच्या आवाजामुळे अगदी कानाशी तोंड आणून म्हणाली, "युनसिल, खरं सांग. तुझ्या आप्पांना वाईट वाटेल का गं?"

"नाही वाटणार. कर तू लग्न."

आप्पा, तुम्हाला न विचारताच मी तुमच्या वतीनं उत्तर दिलं. वाईट मलाच वाटत होतं. ते आईला कधीच सांगणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे.

तुमची लाडकी,
युनसिल