बुधवारचं पान

काकू, तुमच्या हयातीत मी तुम्हाला एकही पत्र लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ते आधी ओटीवर वाचलं गेलं असतं, मग स्वयंपाकघराच्या दिशेने तोंड करून मोठ्याने, आणि प्रत्येक ओळीला एक शेरा मिळाला असता. आता तशी भीती नाही. झोपाळ्यावर बसणारेही गेले, चुलीपाशी बसणाऱ्या तुम्ही त्यांच्या आधीच गेलात. मी आता तुमच्या तेव्हाच्या वयापेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि अजून तुम्हाला काकूच म्हणतो.

ज्या वर्षांबद्दल लिहितो आहे ती तीस सालच्या आसपासची. रत्नागिरीला शिकायला आलेल्या गरीब मुलाने वार लावून जेवायचं, अशी तेव्हा रीत होती. आठवड्याचे सात वार, सात घरं. आमचं गाव पालीच्या पुढे, आत. वडील भिक्षुकी करायचे आणि घरात खाणारी तोंडं पुष्कळ. मी देवळामागच्या धर्मशाळेत राहायचो. जेवायला रोज वेगळ्या दारात उभं राहायचं आणि आपण आल्याचं कळावं म्हणून खाकरायचं. सोमवारी एका वकिलांकडे जेवण झालं की शाळेत काय शिकवलं ते म्हणून दाखवावं लागे. गुरुवारच्या घरातल्या बाई चांगल्या होत्या. पाठीवरून हात फिरवायच्या आणि आलेल्या-गेलेल्याला सांगायच्या, "गरिबाचं पोर आहे हो, पण गुणी आहे." मी पानाकडे बघून जेवायचो. त्या सगळ्यांचं अन्न माझ्या अंगी लागलं आहे, तक्रार करायची नाही. पण दयेचा घास गिळायला थोडा वेळ लागतो, हे मला तेराव्या वर्षीच कळलं.

बुधवार तुमच्याकडे. हा वार तुमच्या यजमानांनी दिला होता. देवळात भेटले, वडिलांशी दोन शब्द बोलले आणि म्हणाले, "बुधवारी आमच्याकडे येऊ दे." दुसऱ्या वर्षी ते तापाने गेले. दिवस होईपर्यंत मी आलो नाही. नंतरच्या बुधवारी यावं की येऊ नये ते कळेना, तरी आलो. तुम्ही पान मांडलंत. माजघरात, नेहमीच्या जागी. त्या जागेवरून उजवीकडे चूल दिसते आणि डावीकडे ओटी. ओटीवर झोपाळा, झोपाळ्यावर तुमचे थोरले दीर. सगळे त्यांना अण्णा म्हणत. बायको आधीच गेलेली, एक मुलगा, आणि आता घराचे सगळे व्यवहार त्यांच्याकडे. कोठीची किल्ली त्यांच्या जानव्याला असायची आणि रोजचे तांदूळ ते स्वतः काढून द्यायचे.

मी पहिला घास घेतला आणि झोपाळ्याची कडी करकरायची थांबली.

"सांग तिला," अण्णा मला म्हणाले, "धर्मशाळा देवळामागे आहे. इथे नव्हे."

तुम्ही थोरल्या दिराशी थेट बोलत नव्हता. तसं तेव्हा कोणी बोलत नसे. यजमान होते तोवर निरोप त्यांच्यामार्फत जात. ते गेल्यावर त्या घरात तुमचं बोलणंच संपलं होतं. मी भाताचा घास हातात धरून बसलो. चुलीपाशी तुम्ही पळी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"सांग त्यांना," तुम्ही मला म्हणालात, "धर्मशाळेतसुद्धा जेवणाऱ्याला टोमणे वाढत नाहीत."

मी कोणालाच काही सांगितलं नाही. दोघांच्या मध्ये दहा पावलं नसतील, दोघांनाही सगळं ऐकू येत होतं.

"सांग तिला, तांदूळ घरच्या माणसांपुरते काढलेत."

"सांग त्यांना, माझ्या वाटचे आहेत. बुधवारी माझा उपास असतो."

असा कुठला उपास नव्हता. तुम्ही एक वेळ जेवायच्या, विधवेला तेवढंच होतं, आणि ते एक वेळचं तुम्ही माझ्या पानावर वाढून मोकळ्या झाला होता. उपास करणाऱ्या बाईला थांबवणार कोण? कडी पुन्हा करकरायला लागली, जरा जास्तच जोरात. मी थांबलो होतो. तुम्ही दारात आलात, पदर कपाळापर्यंत ओढलेला, आणि म्हणालात, "तुला काय झालं थांबायला? जेव."

पुढच्या बुधवारी मी आलो नाही. तुमच्या तोंडचं खायचं नाही असं ठरवलं, आणि त्या ठरवण्याचा मला अभिमानही वाटला. विहिरीचं पाणी पिऊन शाळेत जाऊन बसलो. गुरुवारी पहाटे तुम्ही देवळात आलात. मी सोप्यात पुस्तक घेऊन बसलेलो. हातातलं फुलांचं तबक तसंच धरून तुम्ही माझ्यासमोर उभ्या राहिलात.

"काल कुठे होतास रे?"

"बरं नव्हतं."

"जीभ दाखव."

मी जीभ बाहेर काढली. तुम्ही वाकून नीट पाहिलीत.

"बरी आहे की. खोटं बोलण्याइतकी बरी आहे." मग आवाज खाली आणलात. "मेल्या, तुझी दया येते म्हणून मी तुला वाढते असं वाटलं होय तुला? दया करायला माझ्याजवळ आहे काय? ते काल दिवसभर झोपाळ्यावर खुशीत होते. दोनदा शीळ घातली. आणि मला एक शब्द बोलायची सोय नाही. कोणाला सांगू? भिंतीला? तू पानावर असलास तर बोलता येतं. त्यांच्या नाकावर टिच्चून वाढते मी तुला. तू माझा बुधवार बुडवलास."

"पण तुम्ही उपाशी राहता," मी म्हणालो.

"मग? ते चडफडतात ना, त्याने भरतं माझं पोट. येत्या बुधवारी ये. आणि सावकाश जेव. भराभरा गिळतोस नि उठतोस, माझं बोलणं अर्धं राहतं."

तुम्ही देवापुढे गेलात. मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं, काकू. सात घरांत एक घर असं निघालं जिथे मी कोणाच्या पुण्यात भर घालत नव्हतो. मी तिथे उपयोगाचा होतो. तुमच्या खुन्नशीला एक माणूस लागत होता, आणि तो मी होतो. त्या दिवसापासून बुधवारचं जेवण मी पानाकडे न बघता जेवायला लागलो.

कुळथाचं पिठलं असायचं, कधी फणसाची भाजी, आमसुलाचं सार. अण्णा म्हणायचे, "सांग तिला, मीठ जपून वापरायचं असेल तर घरच्यांच्या आमटीत कशाला, बाहेरच्याच्या आमटीत जपावं." तुम्ही म्हणायच्या, "सांग त्यांना, जिभेला चव नसली की मिठाला नावं ठेवतात." बंदरात आगबोटीचा भोंगा झाला की क्षणभर दोघेही थांबायचे, तो संपला की पुन्हा सुरू. मी सावकाश जेवायला शिकलो. आजही पंगतीत शेवटी उठतो. बायको विचारते, इतका वेळ काय करता पानावर?

मग मी मॅट्रिकला नापास झालो.

वकिलांकडे सोमवारी बातमी माझ्या आधी पोचली होती. ते म्हणाले, यंदा आमच्याकडे पाहुण्यांची वर्दळ आहे. शुक्रवारच्या घरी दार उघडलंच नाही. गुरुवारच्या बाई रडल्या. इतकी वर्षं केलेलं सगळं पाण्यात गेलं, असं त्या शेजारणीला म्हणाल्या ते मी ऐकलं. त्यांना खरंच लागलं होतं, आणि ते मला जास्त लागलं. मी ठरवलं की आता पुरे. मुंबईला जायचं, कोणाच्या तरी हॉटेलात कपबशा विसळायच्या. आमच्या बाजूचे पुष्कळ जण तेच करत होते. बुधवारी ते सांगायला म्हणून तुमच्याकडे आलो.

तुम्ही पान मांडता मांडता विचारलंत, "नापास?"

"हो."

"कितीत?"

"गणितात."

"एकाच विषयात?" तुमचा आवाज थोडा पडल्यासारखा वाटला. मग ताठ उभ्या राहिलात. "सांग त्यांना, आणखी एक वर्ष बुधवार आहे."

ओटीवर कडी करकरायची थांबली. मग अण्णा म्हणाले, "सांग तिला, पुढच्या खेपेला दोन विषयांत नापास होऊ दे. म्हणजे तिची हौस तरी फिटेल."

मला हसू आलं. त्या घरात मी पहिल्यांदाच हसलो, आणि सार नाकात गेलं. तुम्ही पाणी दिलंत. मुंबईचं मी बोललोच नाही. माझ्या नापास होण्याने साऱ्या गावात एकट्या तुम्ही खूश झाला होता. तुम्ही माझ्याकडून काही मागितलंच नव्हतं, तेव्हा मी तुमचं काही बुडवलंही नव्हतं. नापास झालेल्या मुलाला तेव्हा कशाची गरज असते ते मी पुढे शिकवायला लागलो तेव्हा पुष्कळदा आठवलं, पण तुमच्यासारखं खूश होणं मला जमलं नाही. मी त्यांना धीर द्यायचो. धीराने फारसं काही होत नाही.

सुटलेल्या वारांचं काय, हे तुम्हीच विचारलंत. गावाहून तांदूळ येतील म्हटल्यावर मला चुलीपाशी बसवलंत आणि भात करायला शिकवलंत. तांदळावर बोट उभं धरून पाणी कुठवर घालायचं, वाफ कधी कोंडायची. पहिला भात खाली लागला. "सांग त्यांना, आज करपट वास येईल," तुम्ही म्हणालात, "आणि तो माझ्या हातचा नाही." अण्णांनी उत्तर दिलं ते मात्र मला. म्हणाले, "इकडे बघ. एका हौदाला दोन नळ," आणि एक गणित घातलं. मला येईना. "सांग तिला, हे असं आहे." चुलीपाशी तुम्ही माझ्याकडे वळून बघितलंत, आणि हे मला यायलाच हवं ते कळलं. तिथून दर बुधवारी पानावर एक गणित पडायला लागलं. मी आठवडाभर धर्मशाळेच्या जमिनीवर कोळशाने हौद काढायचो. ज्या बुधवारी मी घास संपायच्या आत उत्तर दिलं त्या बुधवारी तुम्ही पळी भांड्यावर आपटून म्हणालात, "सांग त्यांना, आलं." दुसऱ्या बुधवारी अण्णांनी त्याहून अवघड घातलं. त्यांना मला पास करायचं नव्हतं, तुम्हालाही नसावं. दोघांना एकमेकांची जिरवायची होती, आणि मधल्यामध्ये माझं गणित सुधारलं.

परीक्षेच्या आधीच्या बुधवारी तुम्ही ट्रंकेतून तुमच्या यजमानांचा काळा कोट काढलात. त्याला कापराचा वास होता. तो कोट अण्णांनी आपल्या मुलासाठी मागितला होता आणि तुम्ही ऐकू न आल्यासारखं केलं होतं, हे मला ठाऊक होतं. "घाल," तुम्ही म्हणालात. बाह्या आत दुमडून बारीक टाके घातले होते. खांद्यांना काही करता येत नाही. "आता ओटीवरून जा. मागच्या दाराने जाशील तर बघ."

मी ओटीवर आलो. माजघराच्या दारातून तुमचा आवाज माझ्या पाठीवर आला. "सांग त्यांना, बेतून शिवल्यासारखा बसतो."

अण्णांनी पाय टेकून झोपाळा थांबवला. खांद्यांपासून खालपर्यंत माझ्याकडे पाहिलं. एकदा, मग पुन्हा. मी उत्तराची वाट बघत उभा आहे, मागे तुम्हीही. ते काही बोलले नाहीत. पाय उचलला, झोपाळा सुरू झाला. मी मागे वळून पाहिलं. तुम्ही दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या होता आणि तुमच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी तुमच्या चेहऱ्यावर एरवी कधी पाहिलं नाही. त्या दिवशी तुमच्याकडून शेवटचा शब्द कोणी हिसकावून घेतला नव्हता.

मी पास झालो. मुंबईला निघालो तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "तिकडे खानावळीत जेव. पैसे टाकावे आणि जेवावं. कोणाचं ऐकून घेऊ नकोस." तुम्ही गेलात ते पावसाळ्यात. आगबोटी बंद होत्या. बातमी मला आमच्या बाजूच्या एकाकडून कळली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. दिवाळीत आलो आणि मुद्दाम बुधवारी तुमच्याकडे गेलो.

अण्णा झोपाळ्यावर होते. खूप बारीक झालेले. "बस," म्हणाले, "जेवून जा." त्यांच्या सुनेने पान मांडलं, माजघरात, त्याच जागी. भात चांगला होता. कोणी काही बोललं नाही. सावकाश जेवायची मला सवय, पण मी लवकर उठलो. हात धुऊन ओटीवर आलो तर अण्णा माझ्याकडे न बघता स्वयंपाकघराकडे बघत होते.

"सांग तिला," ते म्हणाले, "कोट तुला ढगळ होत होता. मला दिसत होतं. त्या दिवशी मी बोललो नाही."

मी म्हणालो, "सांगतो."

काकू, तुमच्या दोघांमधला एकही निरोप मला कधी प्रत्यक्ष पोचवावा लागला नाही. तुम्ही ऐकत असायच्या, तेही ऐकत असायचे, मी नुसता जेवत असायचो. हा एकच माझ्याकडे राहिला, आणि हा पोचवला तर त्या दिवसाचा शेवटचा शब्द त्यांचा होईल. तसं मी होऊ देणार नाही. मी तुमच्या पानावर जेवलो आहे. तेव्हा हा कागद घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवतो. कोट अजून माझ्याकडे आहे, बाह्यांचे टाके उसवलेले नाहीत.

ढगळच होता तो. ओटीवरून जाताना मी खांदे उचलून धरले होते.