बाबांची दाढी

ता. ६ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं नव्या वर्षाचं कार्ड दुकानाच्या पत्त्यावर मिळालं. इकडे आम्ही सगळे, म्हणजे आम्ही दोघं, ठीक. शिवणाची कामं भरपूर आहेत आणि माझं वजन दोन किलोंनी वाढलंय, पण हे तुझ्या-माझ्यात ठेव.

आता बाबांचं सांगते, पण आधी घाबरायचं नाही. बारा दिवसांपूर्वी जिन्याच्या अगदी शेवटच्या पायरीवरून घसरले आणि उजवं मनगट मोडून बसले. सहा आठवडे प्लास्टर. तोंड मात्र शाबूत आहे. चाळीस वर्षं भाजीबाजारात लिलाव पुकारलेला आवाज, तो काय हाड मोडल्यानं बसणार? हाड कसं बसवायचं हे डॉक्टरांना त्यांनीच समजावून सांगितलं. डॉक्टर बिचारे 'हो आजोबा, हो आजोबा' करत होते.

खरी पंचाईत दाढीची झालीये. तुला माहीतच आहे, स्वतःच्या वस्तऱ्याशिवाय ते गालाला काहीही लावू देत नाहीत. मी दुकानातून दाढीचं साधं यंत्र आणलं, तर म्हणाले, "याने काकडी सोल." डाव्या हातात वस्तरा धरून पाहिला, कानाची पाळी थोडक्यात वाचली. सलूनमध्ये जाऊ या म्हटलं, तर असला चेहरा घेऊन मी रस्त्यावर उतरणार नाही म्हणतात. म्हणजे दाढी केल्याशिवाय बाहेर पडायचं नाही आणि बाहेर पडल्याशिवाय दाढी व्हायची नाही. घ्या!

माझ्या टेलरिंगच्या दुकानाला लागून आता उस्तादांचं सलून आहे. तुझ्या वेळी तिथे चपलांचं दुकान होतं. सत्तरी ओलांडलेला माणूस, सगळी गल्ली त्यांना उस्तादच म्हणते. घरी येऊन बाबांची दाढी कराल का, असं विचारलं तर त्यांनी दोन्ही गुडघ्यांवर थापा मारल्या. "तीन जिने यांना झेपायचे नाहीत, टेलरबाई. वर पाठवायला माझ्याकडे फक्त हात आहे." मला वाटलं, कारागीर पाठवतील. तर माझ्याच हाताकडे टक लावून बघत होते. म्हणाले, "कात्री धरून हात बसलेला आहे. दुपारी दोन ते तीन माझं दुकान रिकामं असतं. येत जा."

तर एकोणचाळिसाव्या वर्षी तुझी बहीण दाढी करायला शिकतेय. हस, मनसोक्त हस.

तू कार्डावर विचारलं नाहीस, पण सांगते. घरातला कायदा अजून तोच आहे. परवा माझ्या तोंडून "ताई असती तर" एवढंच निघालं आणि बाबा प्लास्टरसकट उठून बाल्कनीत गेले, आतून नव्हे, बाहेरून कडी घातली. सहा वर्षांत तुझ्याबद्दलचं एक अख्खं वाक्य त्या माणसासमोर कुणाला पूर्ण करता आलेलं नाही. एकदा तरी ते त्यांना ऐकवायचंय, ताई. कसं, ते अजून सुचलेलं नाही.

तब्येतीला जप.

तुझी धाकटी


ता. २३ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. "बाबांचा गळा आणि तुझा हात, देवा रे" हे वाचून मी दुकानात एकटीच खदखदून हसले, समोर माप द्यायला उभी असलेली बाई दचकली.

तर ऐक. पहिले आठ दिवस उस्तादांनी मला दाढीच्या आसपाससुद्धा फिरकू दिलं नाही. फक्त वस्तरा सांभाळायचा. वापरला की पुसायचा, पूर्ण कोरडा करायचा, खिळ्याच्या सांध्यात थेंबभर तेल, मगच मिटायचा. ओला मिटला की आत गंज धरतो. एका वस्तऱ्याने आज काम केलं की उद्या त्याला सुट्टी. त्यांच्याकडे सात आहेत, वाराप्रमाणे. मी म्हटलं, "उस्ताद, मला आठवड्यात एकच सुट्टी मिळते." तर म्हणाले, "म्हणून तुझी धार गेलीये."

मग धार लावायचा चामड्याचा पट्टा. त्याच्यावर वस्तरा पाठीकडून ओढत न्यायचा आणि टोकाला पाठीवरूनच उलटायचा, धार कधी चामड्यात जाऊ द्यायची नाही. मी कापडावर खडू फिरवते तसा मनगटाने गर्रकन फिरवला. झालं! पट्ट्याला बोटभर चीर. उस्ताद जेवायला आत गेलेले. मग मला सुचलं, अगं, आपण टेलर ना? पट्टा घेऊन तडक माझ्या दुकानात आले, जाड सुई लावली आणि अशी बारीक, सरळ शिलाई घातली की कुणाला दाखवावी. परत नेऊन जागेवर टांगला.

उस्तादांनी पट्ट्यावरून बोट फिरवलं. शिलाईपाशी बोट थांबलं. माझ्याकडे पाहिलं, पुन्हा शिलाईकडे पाहिलं, आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून असे हसले, असे हसले की डोळ्यांतून पाणी! "अगं बाई, या दोऱ्याच्या गाठींवरून वस्तरा नेला तर धारेचे दातच पडतील!" चिरलेला पट्टा एक वेळ घासून वापरता आला असता, शिवलेला मात्र गेला तो गेलाच. नवीन आणून दिला मी. जुना त्यांनी भिंतीवर लावलाय आणि येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात. माझ्या दुकानात त्यामुळे दोन नवी गिऱ्हाइकं आली, शिलाई बघून.

पुढे फुगे. फुग्याला साबणाचा फेस फासायचा आणि तो वस्तऱ्याने उतरवायचा, फुगा न फोडता. अकरा फोडले. आरसा, उस्तादांचा चष्मा, माझे केस, सगळीकडे फेस. बारावा टिकला तेव्हा मी चक्क नाचले. केसांचा कल मात्र मला पटकन समजला, कारण मखमल कुठल्या बाजूला झोपते ते बोटांना कळतंच. उस्ताद म्हणाले, "हे शिकायला मला दोन वर्षं लागली होती." दिवसभर हवेत होते मी.

आणि गेल्या शुक्रवारी पहिला खराखुरा गाल! बसचे एक कंडक्टर आहेत, उस्तादांचे जुने गिऱ्हाईक. बोलायला लागले की थांबत नाहीत. आल्यापासून त्यांची बदली, साहेब, साडू, सगळं चालू होतं. मी फेस लावला, डाव्या हाताने कातडी ताणली, वस्तरा टेकवला आणि ताई, माणूस गप्प! एकदम गप्प. फक्त बुबुळं हलत होती. मीच मग आपली बडबडत राहिले. तुमच्या खाकी सदऱ्याची कॉलर उलटून शिवली तर दोन वर्षं चालेल वगैरे. सगळं ऐकून घेतलं. ऐकणारच, जातात कुठे?

मी काय विचार केला असेल ते तुला कळलं असेलच.

ते गेल्यावर उस्ताद म्हणाले, "वस्तऱ्याखाली माणूस फक्त ऐकतो, टेलरबाई. म्हणून मी खुर्चीतल्या माणसाशी बोलत नाही. त्याला उठून जाता येत नाही ना." मी गोरीमोरी झाले. मग मी त्यांना सगळं सांगितलं, बाबांचं आणि तुझं. त्यांनी बराच वेळ ब्रश धुतला. शेवटी म्हणाले, "बोलायचंच असेल तर आधी विचार. वस्तरा खाली ठेवून विचार. ते नको म्हणाले तर दाढी कर आणि ये."

विचारलं तर ते नको म्हणणार, हे तुलाही ठाऊक आहे. आणि पाच फेब्रुवारीला प्लास्टर निघतंय. मग वस्तरा पुन्हा त्यांच्या हातात.

आणखी एक लिहायचं होतं. राहू दे, कागद संपला. नाही, संपलेला नाही, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी बाबांनी तुला "नवऱ्याकडे परत जा, नाहीतर हे दार बंद" म्हणून लिलावासारखं एक, दोन, तीन म्हटलं, तेव्हा दोन आणि तीनच्या मध्ये तू माझ्याकडे पाहिलं होतंस. तो तुला घरात कोंडून, किल्ली घेऊन कामावर जायचा, हे जगात फक्त मला माहीत होतं. आणि मी सुईत दोरा ओवत बसले. तू मला त्याबद्दल कधी एका शब्दाने विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर बरं झालं असतं.

तुझी धाकटी


ता. ७ फेब्रुवारी

ताई, माझी ताई,

तुझ्या पत्रातली ती एकच ओळ, "तेव्हा तू घाबरलेली होतीस, मला दिसत होतं," मी किती वेळा वाचली असेन. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या त्या दिवशी. असो. बातमी ऐक. बसून ऐक.

रविवारी सकाळी केली दाढी. आधी कात्रीने जंगल कमी केलं, त्यात मी पटाईत. "बाजारात कोबीची पानंसुद्धा इतकी काढत नाहीत," इति बाबा. गरम टॉवेल, फेस. खिडकीजवळ खुर्ची. माझे हात गार पडले होते, म्हणून ते मी त्याच गरम पाण्यात बुडवले.

मग वस्तरा टॉवेलवर ठेवला आणि म्हटलं, "बाबा, मला ताईबद्दल बोलायचंय. सगळं. नको असेल तर हात वर करा, मी मुकाट दाढी करून देते."

ते काहीतरी ओरडायला गेले, तर फेस तोंडात. थू थू केलं. आणि डावा हात वर केला.

ताई, मी संपले. म्हटलं, झालं, गेलं सगळं पाण्यात. तर त्याच हाताने त्यांनी ओठांवरचा फेस पुसला आणि हात खुर्चीवर ठेवला. "पुसायला उचलला होता," म्हणाले. "कर सुरू."

डाव्या गालापासून सुरुवात केली. गालावर सांगितलं की त्यांचा जावई, त्यांच्या मित्राचा मुलगा, लोकांत किती गोड बोलायचा आणि घरात कसा. हनुवटीवर सांगितलं की तू दोन वर्षं सगळं निमूट सोसलंस, कारण स्थळ बाबांनी आणलं होतं आणि त्यांची मान खाली जायला नको होती. गळ्यावर आले तेव्हा किल्लीचं सांगितलं. वस्तऱ्याखाली त्यांची घाटी वर गेली आणि खाली आली. मी हात उचलला. थांबले. त्यांनी मान पुन्हा मागे टेकवली. मी पुन्हा हात ठेवला. मग माझं सांगितलं. "मला माहीत होतं, बाबा. तुमच्या आवाजाला भिऊन मी बोलले नाही. तुम्ही तीन म्हणालात, पण मी मध्ये बोलले असते तर तिला जावं लागलं नसतं."

कानाखाली एकदा कापलं. एवढंसं. तुरटी फिरवली.

चेहरा पुसला. काय गुळगुळीत झाला होता, तुला दाखवायला हवा होता! ते डाव्या हाताने गाल चाचपत बसले. मी वस्तरा पुसला, तेल लावलं, पुन्हा पुसला, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. मग म्हणाले, "राहिलीये."

"कुठे?" मी सगळीकडे बोटं फिरवून पाहिली. काहीसुद्धा राहिलेलं नव्हतं.

"सगळीकडे राहिलीये. परत फेस लाव. आणि पहिल्यापासून सांग. मधलं मला नीट ऐकू आलं नाही."

पलीकडच्या इमारतीतली कुजबुज ऐकू येते त्या माणसाला! मी परत फेस लावला. परत पहिल्यापासून सांगितलं, या वेळी काहीच गाळलं नाही, वस्तरा मात्र उलट्या बाजूने नुसता टेकवत होते. फेसातून दोन ओघळ खाली आले. मी टिपले आणि पुढे सांगत राहिले. इतकं रडू येत होतं आणि इतकं हलकं वाटत होतं, दोन्ही एकदम. खरं सांगते, आई गेल्यापासून मी त्या घरात इतकी आनंदात नव्हते.

सोमवारी उस्तादांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "कापलं कुठे?"

"कानाखाली, एकदा."

"तिथे पहिली दहा वर्षं सगळेच कापतात." आणि मला सातांपैकी एक वस्तरा दिला, रविवारचा.

परवा प्लास्टर निघालं. काल सकाळी मी बाबांचा वस्तरा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी मनगट फिरवून पाहिलं, छान फिरतंय. वस्तरा उचलला, उघडला, मिटला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, "तिला लिही, तिला सवड असेल तेव्हा येऊ दे. तिच्या तोंडून ऐकायचंय मला. त्या दिवशी मला खुर्चीत बसव, तिला समोर बसव, आणि तिचं सगळं सांगून होईपर्यंत वस्तरा गळ्यावरून काढू नकोस. माझा मला भरवसा नाही, मी मध्ये बोलेन."

कालपासून त्यांनी दाढी राखायला घेतलीये, ताई, तुझ्यासाठी. पांढरे खुंट दिसायला लागलेत आणि आज ते त्याच चेहऱ्याने खाली रस्त्यावर उतरून गाड्यांचं वेळापत्रक विचारून आले.

लवकर ये.

या वेळी गप्प न बसलेली,
तुझी धाकटी