मेहुण्याला भिजवण्याचा बेत

३ मार्च, सोमवार
आज कळलं. आमच्या थीम पार्कात एक नवं पद निघालं आहे : प्रमुख, भविष्य नियोजन. नेमणूक कुणाची? माझ्या मेहुण्याची. बायकोच्या धाकट्या भावाची. ज्याला दुपारी कुठे जेवणार हे सकाळी सांगता येत नाही, तो आता अख्ख्या पार्कचं भविष्य ठरवणार.

त्याला इथे चिकटवला कोणी? मी. गेटवर फुगे विकायला लावून दिलं होतं. फुग्यांवरून इतक्या वर जाईल असं वाटलं नव्हतं.

त्याचं पहिलं काम म्हणे 'स्टुडिओ सफरी'चा फेरविचार. म्हणजे माझा. कारण स्टुडिओ सफर म्हणजे मीच. बाकी तिच्यात आहे काय? तीन डब्यांची उघडी गाडी, जुन्या सिनेमांसाठी उभारलेली घरांच्या नुसत्या पुढच्या भिंतींची गल्ली, एक नकली पूर आणि कायमचा बिघडलेला भूकंप. या सगळ्यात माइकवरून जीव ओततो तो मी.

सूड घेणार. कसा ते उद्या ठरवू. आज घशाला आराम.

४ मार्च, मंगळवार
पार्क बंद. दुरुस्तीचा दिवस. संकल्प : आजपासून मेहुण्याशी कडक अबोला. चेहऱ्यावर तिरस्कार, तोंडातून शब्द नाही. आरशात करून पाहिलं. बायकोने विचारलं, दात दुखतोय का?

६ मार्च, गुरुवार
अबोला मोडला. नाइलाज. संध्याकाळी बस चुकली आणि मेहुणा गाडी घेऊन समोर उभा. घरापर्यंत सोडतो म्हणाला. फुकट सोडणाऱ्याशी न बोलणं बरं दिसत नाही.

गाडीत त्याने खडा टाकून पाहिला. म्हणाला, भावोजी, तुमच्या बोलण्यातला सगळ्यात चांगला भाग कुठला? मी बेसावध होतो. सांगून टाकलं : शेवटचा. पुरानंतर गाडी खोट्या गल्लीत शिरते तेव्हाचा. गेली कित्येक वर्षं तो भाग मी घासूनपुसून लखलखीत केला आहे. ऐकून तो नुसतं हं म्हणाला.

घरी आल्यावर डोक्यात प्रकाश पडला. हेरगिरी! माझं मर्मस्थान काढून घेतलं. अबोला उद्यापासून, आणि दुप्पट.

९ मार्च, रविवार
मेहुणा जेवायला. दर रविवारी असतोच. बायकोला बजावलं होतं की गोड त्याला शेवटी वाढायचं आणि थोडंच वाढायचं. तिने त्यालाच आधी वाढलं. मला भांडं खरवडून.

जेवता जेवता कट बाहेर पडला. पार्कच्या मालकीणबाईंना सफर बंद करून तिथे रोलर कोस्टर उभारायचा आहे. वीस तारखेला त्या आपल्या कमिटीसकट माझ्या गाडीत बसणार आणि उतरल्यावर निर्णय सांगणार. म्हणजे फाशी देण्याआधी कैद्याकडून गाणं म्हणवून घेणार.

आणि या गृहस्थाने हात धुता धुता मला काय सांगावं? भावोजी, त्या दिवशी नेहमीसारखंच बोला, जास्त काही करू नका. मला! जास्त काही करू नका! माझ्या घरात, माझ्या टॉवेलला हात पुसत!

१० मार्च, सोमवार
पहिल्या फेरीला मोजकेच लोक, पण काय रसिक! दुसऱ्या डब्यातले एक गृहस्थ सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकत होते. गाडी थांबली तरी उठेनात. ड्रायव्हरने हलवून तंद्रीतून बाहेर काढलं. असे श्रोते रोलर कोस्टरला मिळतील?

एका बाईंनी वाटेत हात वर केला. मला वाटलं शंका आहे. बाथरूम कुठे आहे, विचारत होत्या. हाही एका अर्थी वास्तुरचनेबद्दलचाच प्रश्न.

१३ मार्च, गुरुवार
सूड सापडला! हातात होता आणि मी जगभर शोधत होतो.

आमचा पूर असा आहे. गाडी टेकडीखाली पिवळ्या रेघेवर थांबते. मी घाबरल्याचा अभिनय करतो आणि सीटजवळचं बटण दाबतो. वरून धो धो पाणी सुटतं. लोक किंचाळतात. पण अगदी खाली आल्यावर पाण्याच्या दोन वाटा होतात. एक गाडीच्या नाकापुढून जाते, दुसरी शेपटीमागून. मधली जागा कोरडी ठणठणीत. मग मी म्हणतो, मंडळी, सिनेमात कोणी भिजत नाही! (इथे टाळ्यांसाठी थांबतो. टाळ्या येतातच असं नाही, पण थांबतो.)

सगळी करामत त्या रेघेची. रेघ थोडी सरकली की शेवटचा डबा थेट पाण्याखाली. आता मेहुण्याला कसंही करून त्या डब्यात बसवायचं. मालकीणबाई पुढे कोरड्या, मागे भविष्य नियोजन प्रमुख गळतोय. पुन्हा भविष्याचं नाव काढणार नाही.

बटण दाबताना चेहरा निरागस ठेवायचा. सराव सुरू.

१६ मार्च, रविवार
नियती माझ्या बाजूने आहे. सावज स्वतःच सापळ्यात आलं. जेवताना मेहुणा आपण होऊन म्हणाला, वीस तारखेला मी शेवटच्या डब्यात बसेन, अगदी मागे. मी समोर असलो तर तुम्ही अडखळाल. मी! अडखळणार! कसाबसा घास गिळला आणि म्हटलं, बस की बाबा, जरूर बस.

जाताना घशासाठी गोळ्यांची डबी देऊन गेला. वीस तारखेपर्यंत जपा म्हणाला. माझा आवाज बसवायचा डाव असणार हे ओळखलं. त्यातली एक गोळी ड्रायव्हरला देऊन बघणार.

१७ मार्च, सोमवार
ड्रायव्हरचा खोकला थांबला. उरलेल्या मी खाल्ल्या. वाया कशाला घालवायच्या.

१८ मार्च, मंगळवार. दुपारी.
फत्ते! पार्क बंद होता. रंगाच्या खोलीतून पिवळा डबा आणि ब्रश घेतला, गेटपासून गाडीच्या वाटेने चालत टेकडीखाली गेलो. जुन्या रेघेवर उभा राहिलो. डोळे मिटले. रोज मी पुढच्या सीटवर ड्रायव्हरकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून बसतो, त्यामुळे शेवटचा डबा माझ्या अगदी नजरेसमोर असतो. तसा तो समोर आणला. त्यात मेहुणा बसवला. डोळे उघडले, समोरच्या दिशेला तीन ढांगा टाकल्या आणि नवी रेघ ओढली. जुनीवर माती टाकून पायाने दाबली.

ड्रायव्हरला सांगायची गरजच नाही. रेघ दिसली की तो थांबतो. बाकी जगाशी त्याचा संबंध नाही.

बुटाला पिवळा रंग लागला. बायकोने विचारलं. कला, म्हणालो.

१९ मार्च, बुधवार
आज जुनी रेघ दिसत नाही म्हणून कुणी ओरडेल अशी भीती होती. पण सकाळी पाण्याचा पंप बिघडला, म्हणून आज पुराशिवाय फेऱ्या. दैवाची साथ म्हणतात ती हीच. पंप उद्यासाठी दुरुस्त करून ठेवला आहे.

माझं शेवटचं भाषण मनात तीनदा म्हटलं. मेहुणा भिजल्यावर, सगळे त्याला हसत असताना, गाडी खोट्या गल्लीत शिरेल आणि मी ते असं काही म्हणेन की मालकीणबाईंच्या डोळ्यांत पाणी. दोन्ही बाजूंनी पाणीच पाणी.

२० मार्च, गुरुवार
भिजलो.

मी भिजलो. मालकीणबाई भिजल्या. पहिल्या डब्यातली सगळी कमिटी भिजली. शेवटचा डबा कोरडा होता आणि त्यात मेहुणा दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा होता.

आता लिहिताना कळतंय. परवा मी चालत गेलो तेव्हा माझं तोंड गाडी जाते त्याच दिशेला होतं. म्हणजे माझ्या समोर गाडीचं नाक होतं, शेपूट पाठीमागे. बसायची सवय उलटी आणि चाललो सुलटा. रेघ मागे घ्यायची ती पुढे गेली, आणि पुराने गाडी नाकाकडून धरली.

माइक एकदा किंचाळला आणि कायमचा गप्प झाला. बाईंचे केस चेहऱ्यावर चिकटले होते. मी तोंडातलं पाणी बाहेर टाकलं आणि सवयीने म्हणालो, मंडळी, सिनेमात कोणी भिजत नाही.

मालकीणबाई हसल्या. या बाईंना हसताना पार्कात कोणी पाहिलेलं नव्हतं. हसत सुटल्या, पोट धरून. मग म्हणाल्या, पुन्हा! ड्रायव्हरने गाडी फिरवून पुन्हा आणली. पुन्हा भिजले. पुन्हा म्हणाल्या, पुन्हा.

मग खोटी गल्ली आली. मी माइकशिवाय उभा राहून, ओरडून, भाषण सुरू केलं. कोणाला ऐकू गेलं नाही. सगळे कपडे पिळत होते आणि एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते.

२१ मार्च, शुक्रवार
रोलर कोस्टर रद्द! सफर राहणार! वाचवली कोणी? सांगायला नको. काल उगीच खचलो होतो. रेघ पुढे ओढायची प्रेरणा आतून आली असणार. कलावंताचा हात कधी चुकत नाही.

सफरीचं नवं नाव 'महापूर'. पहिल्या डब्यापासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांना भिजवायचं. टेकडीवर आणखी टाक्या. आराखडा मेहुणा करणार. माझ्या कामगिरीबद्दल अजून कोणी बोललेलं नाही. सत्काराचं गुपित ठेवत असावेत.

२२ मार्च, शनिवार
मॅनेजरसाहेबांनी ऑफिसात बोलावलं. शाल वगैरे दिसली नाही. सांगितलं की पाण्यात माइक टिकणार नाही, शिवाय लोक ओरडतच असणार, तेव्हा बोलणाऱ्या माणसाची आवश्यकता नाही. मी तोडगा सुचवला : लोक श्वास घ्यायला थांबतील तेवढ्यात मी एकेक वाक्य टाकेन. साहेब म्हणाले, विचार करू. त्यांनी विचार तिथल्या तिथे केला. नाही म्हणाले.

हे सगळं मेहुण्याचं कारस्थान. यापुढे दया नाही. उद्या जेवायला येऊ दे.

२३ मार्च, रविवार
मेहुणा आला नाही. दोन तिखट वाक्यं तयार ठेवली होती, ती वाया गेली. बायकोला म्हटलं, अपराधी वाटत असेल. ती ताट बाजूला सारून बोलायला लागली. इतकं सलग ती लग्नात नाव घेतानाही बोलली नव्हती.

ती म्हणाली, मालकीणबाई तर सफर न बघताच बंद करायला निघाल्या होत्या. माझ्या भावाने त्यांना धरून ठेवलं. म्हणाला, त्या माणसाचं एकदा शेवटपर्यंत ऐका, मग काय ते ठरवा. आवडलं नाही तर मलाही काढा. म्हणून कमिटी तुमच्या गाडीत आली. तुम्हाला सांगू नका असं त्यानेच सांगितलं होतं, तुम्ही चढून जाल म्हणून. आणि तुम्ही रंगाचा डबा घेऊन गेलात. बुटावरचा रंग मला दिसत नव्हता का?

मी विचारलं, त्याला माहीत आहे? ती म्हणाली, कोरड्या डब्यात बसून त्याला सगळं दिसलं.

तयार ठेवलेली दोन्ही वाक्यं आठवेनात.

३० मार्च, रविवार
नवीन नेमणूक : टॉवेल विभाग. मी प्रमुख, हाताखाली कोणी नाही. उतरणाऱ्यांना टॉवेल द्यायचा, ओला परत घ्यायचा. पहिले दोन दिवस टॉवेलबरोबर गल्लीची थोडी माहितीही दिली. तक्रार गेली की टॉवेल मिळायला उशीर होतो.

मेहुण्यावर सूड घ्यायचं अजून मनात आहे, पण कारण सापडत नाही. कारणाशिवाय घ्यावा का, यावर विचार चालू.

६ एप्रिल, रविवार
मेहुणा आला. नेहमीच्या जागी बसला, नेहमीएवढं जेवला. रेघेचा विषय काढला नाही. ते जास्त लागलं.

शेवटी मीच विचारलं. माझ्यासाठी नोकरी पणाला लावलीस, एवढं काय आवडलं होतं तुला माझ्या बोलण्यात? तो म्हणाला, खरं सांगू का भावोजी, मी ते ऐकलेलंच नाही. मी नेहमी मागे बसायचो आणि मागच्या डब्यातला स्पीकर बंदच असायचा. ताई म्हणाली तुम्ही फार छान बोलता, म्हणून मी तसं सांगितलं.

मी बायकोकडे पाहिलं. तू तर कधी सफरीला आली नाहीस. ती म्हणाली, रोज सकाळी बाथरूमच्या दाराबाहेरून ऐकते. शेवट तेवढा कधी ऐकला नाही. तिथवर आलात की तुम्ही नळ सोडता.

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी सगळ्यांच्या डोळ्यांत पाहून बोलत होतो.

मेहुणा म्हणाला, मग आता म्हणा ना. मी उभा राहिलो. जेवणाच्या टेबलाशी, माइकशिवाय, घसा साफ करून शेवटचा भाग म्हटला. या गल्लीतल्या एकाही दारामागे घर नाही, इथून सुरुवात करून, तरी इथून जाताना मी रोज हात हलवतो, कुणी तरी आत असेल म्हणून, इथपर्यंत. एकही शब्द चुकला नाही.

बायको थोडा वेळ वाट बघत राहिली. मग म्हणाली, एवढंच?

मेहुण्याने टाळ्या वाजवल्या. एकट्याने, बराच वेळ. तो थांबेपर्यंत मला मान वर करता आली नाही.