गोल नाही, म्हणजे काही नाही

२६ ऑगस्ट, हरतालिका
प्रणालीचा कडक उपास, पाणीसुद्धा नाही. विचारलं, कोणासाठी? म्हणे, 'महादेवासाठी. तू कोण?'
सकाळी वहिनीला 'पत्री आणते' सांगून आली. सगळी पानं मिळाली, आघाडा राहिला. म्हटलं, आघाडा नाल्यापलीकडेच मिळते. नेली. कंबरभर गवत. बसलो. तिचा हात माझ्या हातात, बाकी पत्री सगळी मांडीवर. आज मरण आलं तरी चाललं असतं.
घरी येऊन पाहतो तर पायाच्या पिंडरीला गोचीड. उपटून फेकली.

२८ ऑगस्ट
मोबाईलवर 'गोचीड चावली तर' टाकलं. लाइम नावाचा आजार निघाला. परदेशातल्या जंगलांत जास्त. चावल्या जागी लाल गोल, मध्ये फिकट, भोवती परत लाल. मग ताप, सांधे, तोंड वाकडं. इंग्रजी अडत अडत, पण सगळं वाचलं. बी.एस्सी. सोडली नसती (सोडली कुठली, सरांच्या कॉलरला हात घातला म्हणून सुटली) तर हेच शिकत असतो. बाबा म्हणाले, 'एवढं कालेजात वाचलं असतं तं!'
प्र.ला मेसेज केला, अंगावर लाल गोल दिसतो का पाहा.
'नाही डॉक्टरसाहेब.'
दोन-तीनदा वाचला तो शब्द.

३ सप्टें.
प्र.चा मेसेज. कमरेला डाव्या बाजूला, सलवारीच्या नाडीखाली, काळी खपली. उदबत्तीचा चटका बसल्यासारखी. दुखत नाही, खाजत नाही.
मी : लाल गोल आहे का?
ती : नाही.
मी : गोल नाही, म्हणजे काही नाही.
ती : वहिनीला दाखवू?
मी : कशाला? गवतात कुठं गेलतीस विचारेल.
तिने अंगठा पाठवला.

६ सप्टें.
विसर्जनाला ती नाही. त्यांचं-आमचं वावर लागून. मधल्या धुऱ्यावर तिची कांचन वहिनी मायला सांगत होती, 'परवापासून थंडी वाजून ताप हाये पोरीले. डोळे उघडत नाई.'
ताप तर सगळ्यांनाच येतो या दिवसांत.

९ सप्टें.
आर्वीच्या डॉक्टरकडून दोन सलायन झाल्या. ताप हटत नाही. फोन बंद. कोथिंबिरीच्या जुड्या द्यायच्या निमित्ताने गेलो. फाटकातच तिचा भाऊ सतीश.
'काऊन आला?'
'डॉक्टर बदला ना! बसून काय राह्यले?'
'कालेजातून हाकललेल्यानं मले शिकवू नको.'
झालं. कॉलरी धरल्या. माझ्यामागे आलेली माय मध्ये पडली. कोथिंबीर सगळी चिखलात.
खपलीचं सांगायला गेलो होतो. भांडून आलो.

१० सप्टें.
दुपारभर परत तेच वाचलं. लाइम आपल्याकडे जवळपास नाहीच. मग एका पानाच्या तळाशी, अशाच दुसऱ्या आजारांत : स्क्रब टायफस. आपल्या भागात होतो, पावसाळ्यात, गवतातून. गोचीड नाही, तिच्याहून कितीतरी बारीक किडा, दिसतही नाही. लाल गोल नाही. काळी खपली, चटक्यासारखी, न दुखणारी. काखेत, जांघेत, कमरेला, झाकलेल्या जागी, म्हणून कोणी पाहत नाही. लवकर कळलं तर साध्या गोळ्यांनी बरा. उशीर झाला तर किडनी, फुप्फुस...
पुढचं वाचवलं नाही.
ती दाखवणार होती. मी नको म्हटलं. अर्धवट वाचून.
आता सांगावं तर पहिला प्रश्न, तिच्या नाडीखालचं तुला कसं ठाऊक? गावाला किड्याशी काही घेणं नाही. नाव तिचं जाईल. आणि नाही सांगितलं तर

११ सप्टें.
सांगितलं. वहिनी टाक्यावर मेथी धूत होती, एकटी.
'वहिनी, तिच्या कमरेले पाह्य. डाव्या अंगाले काळी खपली असन. डॉक्टरले दाखव.'
तिचे हात पाण्यातच थांबले.
'तुले कसं माहीत?'
'तिनं मेसेज केलता. म्या पाह्यली नाई. मायची आन.'
'मंग मले काऊन नाई सांगतलं तिनं?'
'मीच नको म्हटलं.'
मग 'मुडद्या!' म्हणाली आणि मेथी तशीच सोडून पळाली.
दुपारी गाडी करून वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात नेलं.

१३ सप्टें.
तेच निघालं. गोळ्या नाही, सुईतून औषध सुरू. ऑक्सिजन लावला आहे. ताप उतरतो, चढतो. वहिनीने डॉक्टरला सांगितलं, अंग पुसताना खपली दिसली. माझं नाव कुठेच नाही. डॉक्टर सतीशवर ओरडले म्हणे, इतके दिवस काय करत होते? मायने हे सांगितलं तेव्हा मी जेवत होतो. तो बिचारा मान खाली घालून उभा होता म्हणे. मीही मान खाली घालूनच जेवलो.

१५ सप्टें.
संध्याकाळी सतीश दारात. दाढी वाढलेली. तिने आज डोळे उघडले, पण बोलत नाही. मायने पाणी दिलं, त्याने तांब्या नुसता धरून ठेवला.
'दवाखान्यातले विचारून राह्यले, पोरगी कोण्या गवतात गेलती. थे कापा लागते, नाई तं आणखी कोणी पडन. आमच्या वावरात तं गवतच नाई.' मायशी बोलत होता, पाहत माझ्याकडे होता. 'हरतालिकेले आघाडा आणाले गेलती, एवढं तिची वहिनी सांगते.'
मी म्हटलं, 'नाल्यापलीकडं असन. दाखवतो.'
माझं तोंड माझ्याआधी बोललं.
'सकाळी येतो,' म्हणाला. फाटकापाशी थांबला. 'फुलपँट घालजो. अन् बूट.'
आवाजावरून काही कळलं नाही. काळजीने म्हणाला की कशाने.
नाल्याकडे जायला एकच रस्ता आहे. त्याच्या दोन्ही बाजूंनी, आमच्या घरापासूनच, आघाडाच आघाडा आहे. तो सोबत चालत येणार. पाहणारच, की आघाड्यासाठी नाला ओलांडायची गरज नव्हती.