मेंढ्याला कास नसते

१९ नोव्हेंबर

मेंढ्यांचं पुस्तक आलं! पोस्टाची गाडी उताराखालीच बर्फात रुतली होती, मी चालत जाऊन घेऊन आलो. यंदा पैदाशीसाठी निवडायला बावन्न मेंढे. पाठ, मांड्या, लोकर, लेकींचं दूध – सगळं छापलेलं. दरीतला एकूण एक शेतकरी आज हेच वाचत बसला असणार. चर्चमधलं पुस्तक इतकं मन लावून कुणी वाचत नाही.

स्टेनवर पेन्सिल घेऊन समोर बसली. माझी थोरली. तेहतीस वर्षांची, चारशे मेंढ्यांचा कळप आता तिचाच म्हणायचा, मी नुसता हमाल. मला एक काळा मेंढा आवडला, काय खांदे! तिनं त्याच्यावर सरळ काट मारली.

"बाबा, कागद बघा. थरथर रोग अडवणारा गुण नाही त्याच्यात."

"अगं पण खांदे तरी बघ!"

"खांदे काय चाटायचेत? खालच्या शेतावर काय झालं विसरलात?"

नाही विसरलो. एका मेंढीला थरथर सुटली आणि नियमाप्रमाणे सातशेच्या सातशे मारल्या. ती हिरवळ वर्षभर मोकळी होती. तेव्हापासून स्टेनवर प्रत्येक कोकराच्या कानाचा टिकलीएवढा तुकडा काढून तपासायला पाठवते. कागद नाही तर कळपात जागा नाही. मलाही पटलं ते. आता तर मीच शेजाऱ्यांना कानपिचक्या देत फिरतो.

दुधाचं पान आलं तशी हसायला लागली. म्हणाली, "आठवतं? मी दहा वर्षांची असताना विचारलं होतं, मेंढ्याला कासच नसते, मग त्याच्या नावापुढे दूध कशाला छापतात?"

"मग मी काय म्हणालो?"

"म्हणालात, त्याला नसते. पण त्याच्या आईची कास त्याच्यातून त्याच्या लेकींना जाते. तो नुसता निरोप्या."

बरं सांगितलं होतं की!

आणखी एक पुस्तक आहे म्हणे तिच्याकडे, दवाखान्यातून आलेलं. वसंतापासून तिला मुलाचं बघायचंय. नवराबिवरा नको, नुसतं मूल. इकडे त्याचं कुणाला काही वाटत नाही. त्या पुस्तकात वीर्य देणारे पुरुष आहेत – उंची, डोळ्यांचा रंग, शिक्षण. "खांद्यांबद्दल मात्र चकार शब्द नाही, बाबा!" म्हणाली. मी म्हटलं, बाई, कागद बघून घे. दोघं पोट धरून हसलो.

२५ नोव्हेंबर

सकाळी गवताचा भारा उचलताना स्टेनवर थांबली. काखेजवळ दुखतं म्हणाली. गाठ आहे. बघून येते शहरात जाऊन.

मी म्हणालो, भारे ओढून सूज आली असेल. हे म्हणालो खरं. तोंडानं.

२६ नोव्हेंबर

काही लिहावंसं वाटत नाही. मेंढ्यांना चारा घातला.

२७ नोव्हेंबर

लिहितोच. इथे तरी.

सहा वर्षांपूर्वी आल्दाताईची एक छाती काढली. माझी मोठी बहीण, शहरात राहते. बरी झाली आणि लगेच तिनं थुंकी तपासायला पाठवली. आपल्याकडे तसं आहे – ज्याला हवं त्यानं विचारायचं, उत्तर येतं. न विचारता कुणी सांगत नाही. तिचं उत्तर आलं: आहे. रक्तातच आहे, आईकडून आलंय. आई त्यानंच गेली, एकेचाळिसाव्या वर्षी. मी बारा वर्षांचा होतो. त्या दुखण्याचं नावसुद्धा घरात कुणी घेत नव्हतं.

आल्दाताई खास गाडी करून आली होती सांगायला. "केटिल, तू पण विचार. तुझ्यासाठी नाही, पोरीसाठी."

मी काय म्हणालो ते शब्दन् शब्द आठवतंय. म्हणालो, "ताई, मला काय कास आहे का? हे बायकांचं आहे. माझ्यापाशी थांबलं ते."

वर तिच्याकडून वचन घेतलं, स्टेनवरला बोलायचं नाही. उगाच पोरीच्या डोक्याला घोर कशाला! आल्दाताईनं नाइलाजानं दिलं.

त्याच आठवड्यात मी मेंढा विकत घ्यायला तीन दऱ्या पालथ्या घातल्या होत्या. त्याची आई बघायला.

४ डिसेंबर

शहरात जाऊन आलो. आहे. तेच आहे.

येताना गाडी मीच चालवत होतो. रस्त्यावर बर्फाची काच झालेली. स्टेनवर म्हणाली, "डॉक्टरीण विचारत होती, घरात कुणाला? मी म्हटलं, आत्याला. आणि आजी तरुण गेली. पण त्या दोघी वडिलांकडच्या."

"मग?"

"मग ती म्हणाली, वडिलांकडून पण येतं." काचेवरची वाफ पुसली. "मी एवढी मेंढ्यांची पंडित, आणि मला हे सुचलं नाही! दिव्याखाली अंधार."

हसली. सांगायची वेळ हीच होती. गाडीत दोघंच, दीड तासाचा रस्ता, कुणी उठून जाऊ शकत नाही. पूल आला की सांगू, म्हटलं. पूल गेला. फाटा आला की सांगू. मग घर आलं.

५ डिसेंबर

आल्दाताईचा फोन. आधी रडली. मग झोडपलं.

"सांगितलंस का तिला?"

"ऑपरेशन होऊ दे."

"तुझं हे असंच! आई गेली तेव्हाही गोठ्यात जाऊन बसलास तो संध्याकाळी बाहेर आलास. तू सांगतोस की मी सांगू?"

"मी सांगतो."

"नाताळापर्यंत. पुढे मी वचन मोडणार. आधीच मोडायला हवं होतं, माझंही चुकलंच."

१६ डिसेंबर

ऑपरेशन झालं. दोन गाठी, आणि काखेतलंही काढलं. मी पोचलो तेव्हा शुद्धीवर होती. पहिलं काय विचारलं? "मेंढे सोडले का?" सोडले म्हटलं. कुठल्या मेंढीला कुठला, सगळी यादी म्हणवून घेतली. एक चुकलं, तर डोळे मिटूनच रागावली.

बाहेर येऊन गाडीत बसलो आणि हमसून हमसून रडलो. बासष्ट वर्षांचा माणूस.

२३ डिसेंबर

आज नाताळाआधीचा, कुजवलेला मासा खायचा दिवस. वासानं डोळ्यांतून पाणी येतं, त्यामुळे रडलो असतो तरी चाललं असतं. रडलो नाही. सांगितलं.

ती बटाटा कुस्करत होती. काटा खाली ठेवला.

"कधीपासून माहीत आहे?"

"सहा वर्षं."

"सहा." बोटांवर मोजल्यासारखं केलं. "म्हणजे मी सत्तावीसची होते."

मी म्हणालो, मला वाटलं माझ्यापाशी थांबतं. पुरुषाकडे येऊन थांबतं.

तेव्हा उठली. एवढी ओरडली की कुत्रं टेबलाखालून बाहेर पळालं. "चारशे कान पाठवलेत तुम्ही, बाबा! चारशे! दर वर्षी! आणि स्वतःची थुंकी नाही पाठववली? तुम्ही मला शिकवलंत, निरोप्या असतो तो म्हणून! तुम्ही!"



मग हळू आवाजात म्हणाली, आणि हे जास्त लागलं: "सहा वर्षांपूर्वी कळलं असतं तर दर वर्षी तपासून घेतलं असतं. मूलसुद्धा तपासून, निवडून घेता आलं असतं. ज्याच्यात हे नाही तेच. कागद बघून."

बॅग भरली. आल्दाताईकडे गेली. नाताळाला.

२५ डिसेंबर

ताटं दोनच मांडली होती आधीपासून. एक उचलून ठेवलं.

खरं लिहितो. पुरुषाकडे थांबतं असं मला वाटत होतं, हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं म्हणजे भीती. उत्तर हो आलं असतं तर तिला सांगावं लागलं असतं, की हे मी तुला दिलंय. ते तोंडातून निघालं नसतं. म्हणून विचारलंच नाही. न विचारलं की नसतं, असं लहानपणापासून आमच्या घरात चालत आलंय.

९ जानेवारी

थुंकी पाठवली. नळी भरायला अर्धा तास लागला. तोंडाला कोरड.

३० जानेवारी

स्टेनवरचं उत्तर: आहे. आल्दाताईनं कळवलं. औषधं सुरू झालीत, केस गेले. माझ्याशी बोलत नाही. "मेंढ्यांचं विचारते फक्त," आल्दाताई म्हणाली. मग मी रोज आल्दाताईला फोन करून मेंढ्यांचं सांगतो. चौदा नंबर लंगडतेय. तीस नंबरला दोन आहेत पोटात. पलीकडे दुसरं कुणी श्वास रोखून ऐकतंय हे कळतं मला.

१२ फेब्रुवारी

माझं उत्तर: आहे.

१५ फेब्रुवारी

बारदूरला सांगायला बंदरावर गेलो. माझा धाकटा. बोटीवर असतो, दोन पोरी आहेत त्याच्या, सहा आणि चार वर्षांच्या. सगळं नीट समजावलं. आजी, आत्या, स्टेनवर, मी. तुझ्यातही असू शकतं, अर्धी शक्यता. विचार. पोरींसाठी विचार.

तो दोर गुंडाळत होता. वर न बघता म्हणाला, "बाबा, मला काय थानं आहेत का? बायकांचं ते."

माझा हातच उठला. तिशीला आलेल्या पोरावर! उठला तसा खाली आला. खाण तशी माती. त्याला बोलायला मला तोंड कुठे होतं?

३ मार्च

बारदूर फोन उचलत नाही. मीही असाच नव्हतो उचलत आल्दाताईचा.

१७ मार्च

आल्दाताईकडून कळलं. स्टेनवर बारदूरच्या घरी गेली. औषधांनी पाय सुजलेले, तशी. दारातच टोपी काढली. त्याच्या धाकटीनं विचारलं, आत्या, तुझे केस कुठे गेले? स्टेनवर म्हणाली, "तुझ्या बाबांना विचार. त्यांना माहीत असायला हवं."

त्यानं त्याच दिवशी नळी मागवली.

जे मी करायचं ते तिनं केलं. सहा वर्षांत मला जमलं नाही, तिनं एका टोपीत केलं.

२४ एप्रिल

आमच्या पंचांगाप्रमाणे उन्हाळ्याचा पहिला दिवस. बाहेर गुडघाभर बर्फ! काल संध्याकाळी अंगणात पाण्याची वाटी ठेवली होती. आई ठेवायची. गोठली तर मेंढ्यांना वर्षभर दूध दाट. सकाळी बघितलं, कडक गोठलीय.

आल्दाताईला सांगितलं, वाटी गोठली. पलीकडून आवाज आला – तिचा नाही, स्टेनवरचा.

"पूर्ण गोठली की नुसती वरून?"

"पूर्ण."

"बरं."

एवढंच. मग फोन आल्दाताईकडे. मी बराच वेळ फोन हातात धरून उभा होतो.

६ मे

बारा कोकरं एका दिवसात. कंबर गेली. बारदूरचा फोन आला, रडत होता की हसत होता कळेना. त्याचं उत्तर: नाही. त्याच्यात नाही, म्हणजे पोरींकडे जाणार नाही. देवा! खाली गवतावरच बसलो.

८ मे

स्टेनवर आली! न सांगता. डोक्यावर कोवळे केस, बोटभर. सरळ गोठ्यात शिरली, बाह्या सारल्या. तीस नंबरचं दुसरं कोकरू आडवं होतं, तिनंच फिरवून काढलं. माझ्याकडे बघितलं नाही, पण "टॉवेल द्या" म्हणाली. दिला. डोळे भरून आले, तोंड फिरवून उभा राहिलो.

अशीच हळूहळू बोलेल. बोलेल. बारदूर सुटला, ती आलीय, गाठी निघाल्यात. वाईट ते सरलं असं वाटतंय. तिच्या त्या दुसऱ्या पुस्तकाचं विचारीन पुढेमागे, वेळ बघून.

९ मे

विचारलं. कोकराच्या कानाचा तुकडा काढत होती. तिथेही हेच होऊ शकतं म्हणून मागच्याच महिन्यात अंडाशयं काढून घेतली म्हणाली. डॉक्टरीण म्हणत होती, थांब तीन-चार वर्षं, मूल होऊ दे. हिनं ऐकलं नाही.

मग पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"बारदूरमध्ये नाही, आणि मला मूल होणार नाही," म्हणाली. "आता थांबलं, बाबा. माझ्यापाशी."