घासून आलेला डबा

अण्णा, तुमच्या थिएटरातला तो भुताच्या बंगल्याचा जुना विनोदी सिनेमा परवा मोबाईलवर पूर्ण पाहिला. तुम्ही डोअरकीपर. मॅटिनीला मला शेवटच्या रांगेत बसवायचात आणि सिनेमा संपायच्या आधी बाहेर काढायचात, गर्दीत चेंगरेन म्हणून. त्यामुळे शेवट राहिलाच होता. शेवटी भुताच्या अंगावरची चादर ओढतात. आत बंगल्याचा रखवालदार निघतो. लोकांनी तिकडं फिरकू नये म्हणून आवई त्यानंच उठवलेली असते.

मला हसू आलं नाही. गिरणीमागचं ते घर आठवलं. तिथं भूत आहे, हे मला तुम्हीच सांगितलं होतं.

अमावस्येची संध्याकाळ आहे. आई माझ्यावरून दहीभात ओवाळते, माझी पीडा उतरवते आणि तो डब्यात भरते. त्या घराच्या दारात तो नेऊन ठेवायचं काम तुमचं, कारण घरात न भिणारे तुम्ही एकटे. "येताना मागं वळून बघू नका," आई बजावते. तुम्ही परत येता, भूक नाही म्हणता. डबा घासून लख्ख. आई तो उलटा करून बघते. "भूत लई टापटिपीचं हाय की." तुम्ही हसता, म्हणून मीही हसते. शाळेत मी सांगायचे, आमचे अण्णा भुताला भीत नाहीत. ते खरंच होतं.

काल आईला विचारलं. ती शेंगा फोडत होती. "बाई होती तितं. तुज्या बापाची. तुला आत्ता कळलं व्हय?"

"मग दहीभात कशाला द्यायचीस?"

"तुज्यावरनं उतरलेला होता," ती म्हणाली. "खाऊ दे की दोघांनी."

म्हणजे तिलाही ठाऊक होतं. अंधार पडला की मी अंगणात पाऊल टाकत नसे, पांघरुणात घामाघूम व्हायचे. तुम्ही दोघांनी तुमचं भांडण माझ्या भीतीवर चालवलंत, आणि दोघांपैकी एकालाही माझी भीती घालवावीशी वाटली नाही.

आज हे इथवर लिहून गिरणीमागं गेले. तुम्ही वारून इतकी वर्षं झाली. तुमचा दुसरा पत्ता मला तोच माहीत. दाराच्या फटीतून पत्र सारायचं ठरवलं होतं. दारातल्या दोरीवर एक लुगडं वाळत होतं.

पत्र पर्समधून तसंच परत आणलं. परत येताना मी मागं वळून पाहिलं नाही. भीती वाटली, अण्णा.